नाबोथाच्या मळ्याची दोन कुंपणे

लोकशाहीत सत्ता एकाच्या हाती नसते, ती वाटलेली असते, हे वाक्य आम्ही शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ केले होते. ती कशी वाटलेली असते असे विचारले, की वर्गातील निम्मी मुले 'केंद्र, राज्य, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत' असे उत्तर देत आणि निम्मी 'कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ' असे. दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळत. त्यामुळे ही एकाच गोष्टीची दोन नावे असावीत, असा आमचा समज झाला. तो पुष्कळांचा आजही आहे.

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र हा समज परवडणारा नाही. गेल्या साठ वर्षांत येथे अणुवीज केंद्र आले, औद्योगिक वसाहत आली, वेगवान रेल्वेसाठी जमिनी मोजल्या गेल्या, आणि आता वाढवणच्या समुद्रात बंदर उभे राहू पाहत आहे. प्रत्येक वेळी कोणाची तरी वाडी, कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी जाळे टाकण्याचे पाणी गेले. प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरात पगारही आला. ज्याचे गेले तो दाद मागण्यास निघाला, तेव्हा त्याच्यासमोर एकच दार नव्हते. कोठे ग्रामसभा, कोठे जिल्हाधिकारी, कोठे मंत्रालय, कोठे दिल्ली, तर कोठे न्यायालय. चुकीच्या दारात उभे राहून केलेला आक्रोश वाऱ्यावर जातो. म्हणून कोणते दार कशासाठी आहे आणि इतकी दारे मुळात असावीतच का, याचा विचार करणे अगत्याचे आहे. हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे, तितकाच नीतीचाही आहे.

धर्मग्रामाच्या सणाचेच उदाहरण घेऊ. सणाचे काम वाडीवाडीला वाटून दिले. मांडव एका वाडीचा, जेवण दुसरीचे, वाजंत्री तिसरीची. आपापल्या वाडीपुरते ज्याने त्याने ठरवावे, सर्वांना मिळून जे लागते तेवढेच सर्वांच्या समितीने पाहावे, ही झाली एक प्रकारची वाटणी. दुसरी वाटणी निराळी आहे. खर्च किती करावा हे एकाने ठरवावे, पैसे दुसऱ्याने खर्चावेत आणि हिशेब तिसऱ्याने तपासावा. पहिल्या वाटणीत सत्ता जागेनुसार विभागली जाते, दुसरीत कामानुसार. आता एखाद्या वाडीत ठरवणारा, खर्चणारा आणि हिशेब तपासणारा एकच गृहस्थ असला, तर पहिली वाटणी उत्तम असूनही दुसरी शून्य आहे. उलट, मध्यवर्ती समितीने तिन्ही कामे तीन माणसांना दिली, पण वाड्यांना काहीच विचारले नाही, तर दुसरी वाटणी आहे आणि पहिली नाही.

राज्यव्यवहारात पहिल्या वाटणीला संघराज्य पद्धती म्हणतात आणि दुसरीला सत्ताविभाजन. दोन्हींचा हेतू सत्तेला आवर घालण्याचा असला, तरी त्या दोन निरनिराळ्या पापांवर इलाज करतात. संघराज्य पद्धती दूरत्वाच्या पापावर इलाज करते. ज्याला आपले गाव ठाऊक नाही, आपली भाषा कळत नाही, ज्याच्या नकाशावर आपले घर म्हणजे केवळ एक सर्व्हे नंबर, त्याने आपल्या जीवनाचा निर्णय एकट्याने करू नये, हा तिचा आशय. सत्ताविभाजन स्वार्थाच्या पापावर इलाज करते. कोणीही स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये; ज्याने नियम केला त्यानेच तो कोणावर चालवायचा हे ठरवू नये आणि तो मोडल्याची शिक्षाही त्यानेच देऊ नये, हा तिचा आशय. मनुष्य दूर असला की अज्ञानी होतो, आणि आपल्याच कामाचा पंच झाला की आंधळा होतो. एका औषधाने दोन्ही रोग बरे होत नाहीत.

हे दोन गुण परस्परांवाचून राहू शकतात, हे इतिहासात दिसते. ब्रिटन हे संघराज्य नाही. तरी तेथील न्यायाधीश मंत्र्यांच्या सांगण्यावरून निवाडा देत नाहीत. सोव्हिएत संघ कागदावर मोठे संघराज्य होते. त्यात पंधरा प्रजासत्ताके होती आणि त्यांना फुटून निघण्याचा हक्कही राज्यघटनेत लिहिला होता. पण कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा हात एकाच पक्षाचा असल्यामुळे त्या हक्काला १९९१ च्या पडझडीपर्यंत काही अर्थ नव्हता. फ्रान्सच्या मोंतेस्क्यूने १७४८ साली कायद्यांवरील आपल्या ग्रंथात तीन सत्तांच्या विभागणीची मांडणी केली. त्यानंतर चाळीस वर्षांनी अमेरिकेची नवी घटना समजावून सांगताना जेम्स मॅडिसन यांनी असे दाखवून दिले, की सत्ता प्रथम केंद्र व राज्ये यांत आणि मग प्रत्येकात पुन्हा खात्याखात्यांत विभागली, तर नागरिकाला दुहेरी संरक्षण मिळते. दुहेरी, म्हणजे दोन कुंपणांचे.

आमच्या राज्यघटनेने दोन्ही कुंपणे घातली. सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची आणि दोघांची सामाईक अशा विषयांच्या तीन सूची आहेत. हे पहिले कुंपण. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग करावी, असे पन्नासावा अनुच्छेद सांगतो, हे दुसरे. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या पायाभूत चौकटीची अंगे मोजली, तेव्हा संघराज्याचे स्वरूप आणि सत्तांचे विभाजन ही दोन अंगे त्यांनी वेगवेगळी सांगितली. एकात दुसरे आलेच, असे त्यांनी मानले नाही.

पवित्र शास्त्र हे राज्यघटनेचे पुस्तक नव्हे. पण सत्तेच्या मोहाविषयी त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे पुस्तक विरळा. निर्गम ग्रंथात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि त्याला सल्ला देतो, की हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर भरवशाचे लोक नेम; लहान तंटे त्यांनी सोडवावेत आणि अवघड तेवढेच तुझ्यापर्यंत यावेत. ही पहिली वाटणी झाली. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या विश्वपत्रात जे पूरकतेचे तत्त्व मांडले, त्याचे बीज येथे दिसते. जे काम लहान समूहाला करता येते ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, आणि त्याला जे झेपत नाही त्यात मोठ्याने साहाय्य करावे, असे ते तत्त्व आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इथ्रोच्या सल्ल्यानंतरही नियम सांगणारा मोशेच राहिला आणि शेवटचा न्यायाधीशही तोच. दुसरी वाटणी झालीच नव्हती.

ती नसल्यामुळे काय घडते, हे राजांच्या पहिल्या पुस्तकात वाचावे. इज्रेल गावी राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाने तो मागितला. त्याबद्दल अधिक चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले; म्हणजे आजच्या भाषेत मोबदला ठरवला. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची ठेव आहे, मी ती देणार नाही. राजा रुसून, जेवण टाकून पलंगावर पडला. तेव्हा राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि ती नाबोथाच्याच गावच्या वडीलजनांना व प्रतिष्ठितांना धाडली. पुढे सारे रीतसर झाले. उपवास जाहीर झाला, सभा भरली, आणि शास्त्राला दोन साक्षीदार लागतात म्हणून दोन साक्षीदारही हजर झाले. नाबोथाला दगडमार झाली आणि मळा राजाला मिळाला.

या कथेत गाव होते, गावचे वडीलजन होते, न्यायसभा होती, साक्षीपुरावा होता. कागद पूर्ण होता. उणीव एवढीच होती, की राजाचे पत्र येताच सर्वांचे हात एका हाताची बोटे बनले. पहिले कुंपण दिसायला होते, पण गावच्या वडिलांनी ते आतून उघडून दिले. दुसरे कुंपण नव्हतेच, कारण मळा हवा असलेल्यानेच न्यायसभा बोलावली होती. अखेर एलीया संदेष्टा मळ्यात येऊन राजासमोर उभा राहिला. पण तोवर नाबोथ मेला होता. कुंपण वेळेवर लागते, हे या कथेचे एक तात्पर्य आहे.

कोणी म्हणेल, सत्ता गावाच्या हाती दिली म्हणजे पुरे; जवळचा माणूस न्यायच करील. आमच्या जिल्ह्याचा इतिहास याची ग्वाही देत नाही. डहाणू, तलासरी आणि आसपासच्या भागांत वारल्यांवर ज्यांनी राज्य केले, ते सावकार व जमीनदार दूरचे नव्हते. ते त्याच मुलखात राहत होते, प्रत्येक वारल्याला नावाने ओळखत होते. वेठीचा नियम तेच करीत, वेठीला तेच धरून नेत आणि न आल्यास फटकेही तेच मारीत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने लग्नगडी म्हणून पिढीजात राबायचे, हा त्यांचाच कायदा. तिन्ही सत्ता एका ओट्यावर बसल्या होत्या. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारली उठले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यांच्या राजकीय मतांशी आपले मतभेद असू शकतील. पण वेठ मोडली, हे पुण्य नाकारता येणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत मसुदा मांडताना खेड्याऐवजी व्यक्ती हा राज्याचा घटक मानला, त्याचे कारण अशाच अनुभवात आहे. जवळीक म्हणजे न्याय नव्हे. सत्ताविभाजनावाचूनची जवळीक हा कधी कधी सर्वांत घट्ट फास असतो.

आता तारापूरकडे वळू. येथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. चौथा संच २००५ आणि तिसरा २००६ साली. या नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अणुऊर्जा हा केंद्रसूचीतील विषय. तो केंद्राकडे असणे रास्त आहे, कारण किरणोत्सर्गाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. पण गाव उठवणे हा अणुशास्त्राचा विषय नव्हे. तेथे विहीर, स्मशान, होडी लावण्याची जागा असे प्रश्न असतात आणि ते गावालाच कळतात. निर्णय वर आणि त्याची झळ खाली, अशी स्थिती झाली, की पहिल्या कुंपणाची आठवण होते.

त्याच केंद्रात दुसऱ्या कुंपणाचाही प्रश्न होता, तो मात्र निराळा. सुरक्षिततेवर देखरेख करण्यासाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा खात्याचे सचिव, आणि वीज केंद्रे चालवणारे महामंडळही त्याच खात्याचे. तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच छपराखाली. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात या मंडळाच्या स्वायत्ततेच्या उणिवेवर बोट ठेवले. मंडळाला संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान देणारा कायदा २०२५ च्या डिसेंबरात झाला. समजा, हे केंद्र दिल्लीऐवजी मुंबईच्या ताब्यात असते, तर हा दोष गेला असता काय? मुळीच नाही. खाते तेच राहिले असते, फक्त त्याचा पत्ता बदलला असता.

बोईसरची औद्योगिक वसाहत याची साक्ष देते. ती राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची. कारखान्यांच्या सांडपाण्यावर देखरेख करणारे प्रदूषण नियंत्रण मंडळही राज्याचेच. पाणी हा राज्याचा विषय असल्याने १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा करण्यापूर्वी संसदेला राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव लागले. पहिल्या कुंपणाचा असा मान राखला गेला. पण कारखाना बोलावणारे आणि कारखान्याला जाब विचारणारे एकाच सरकारची दोन अंगे असली, की जाब मवाळ होण्याचा धोका राहतोच. नवापूरच्या किनाऱ्यावर जाळे टाकणाऱ्या मांगेला समाजाने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. ते दार दिल्लीच्या जवळचे की मुंबईच्या, याला महत्त्व नव्हते. ते कारखान्यांचे नव्हते आणि कारखाने बोलावणाऱ्यांचेही नव्हते, याला महत्त्व होते. न्यायाधिकरणाने कारखान्यांवर पर्यावरणाच्या हानीची भरपाई बसवली. दुसऱ्या कुंपणाचा उपयोग तो हा.

दोन्ही कुंपणे एका ठिकाणी गुंफल्याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. जून १९९१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. अधिसूचना निघाली, पण ती पाळायची कोणी? बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये आदेश दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत राहिले. त्याची घडण पाहा: पाया संसदेच्या कायद्याचा, आदेश न्यायालयाचा, अधिसूचना केंद्रीय मंत्रालयाची, आणि कार्यक्षेत्र एका तालुक्याचे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातील गंधक काढणारे संयंत्र बसवावे, असे या प्राधिकरणाने १९९९ साली फर्मावले. २००७ साली ते बसले. आठ वर्षे लागली खरी, पण बसले.

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणचे बंदर या तालुक्यात बसत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा तो प्रकल्प राज्याच्या पुढाकाराचा होता. पुढे तो केंद्राच्या पुढाकाराने परतला. २०२३ च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने, आता निराळ्या सभासदांनी, अटींसह परवानगी दिली; तिला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये फेटाळले; जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट रोजी पालघरला पायाभरणी झाली. पहिला निर्णय बरोबर की दुसरा, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दोन्ही निर्णय लेखी आणि कारणांसह आहेत, ते वाचून ज्याने त्याने मत बनवावे. आम्हाला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. एक, पंचाची नेमणूक ज्याच्या हाती, त्याचाच प्रकल्प पंचापुढे आला, तर पंच कितीही सचोटीचा असला तरी हरणाऱ्याच्या मनात शंका राहते. आणि न्याय हा हरणाऱ्यालाही पटावा लागतो. दुसरी गोष्ट पहिल्या कुंपणाची. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हे खरे. पण निदान विचारणे आहे. वाढवणला मात्र सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन तयार करायची आहे, आणि समुद्राला सातबारा नसतो. मच्छीमाराचा मळा पाण्याखाली आहे, म्हणून त्याचा नाबोथ कोण, हेच ठरत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. देशाला वीज हवी, बंदरे हवीत, मुलांना नोकऱ्या हव्यात. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांच्या चुली याच वसाहतीच्या पगारावर पेटतात. प्रत्येक कुंपणापाशी थांबत बसलो तर काहीच उभे राहणार नाही. शिवाय सरकार म्हणजे अहाब नव्हे. ते स्वतःच्या भाजीपाल्याच्या बागेसाठी मळा मागत नाही, सर्वांच्या हितासाठी मागते. हे सर्व मान्य करूनही एक उत्तर उरते. सर्वांचे हित हे शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्यावर कुंपणाची गरज अधिक असते, कारण त्या शब्दांपुढे एकट्या माणसाचा आवाज क्षीण होतो. कुंपणामुळे काम थांबत नाही. कामाला विचारत विचारत यावे लागते. विलंब हे त्याचे मोल आहे. ते आपण भरले नाही, तर कोणी तरी पोफरणचा माणूस ते एकटा भरतो.

मग ख्रिस्तसभेचे काय, असे आम्हाला कोणी विचारील, आणि ते विचारणे योग्यच आहे. ख्रिस्तसभेची १९८३ ची कायदासंहिता सांगते, की धर्मप्रांतात कायद्याची, कारभाराची आणि न्यायाची अशा तिन्ही सत्ता बिशपांच्या ठायी आहेत. येथे सत्तेचा उगम लोकांच्या मतांत नसून प्रेषितांच्या वारशात आहे, म्हणून राज्यघटनेची फूटपट्टी तिला सरळ लागू होत नाही. तथापि तीच संहिता तिन्ही कामांतील भेद स्पष्टपणे मांडते. न्यायाचे काम पाहणारे ज्युडिशियल व्हिकर हे कारभार पाहणाऱ्या व्हिकर जनरलहून सामान्यतः वेगळे असावेत, असे बजावते. आणि प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असे सांगते. धर्मगुरू पवित्र असले तरी हिशेब चार डोळ्यांनी पाहावा, ही त्यामागची समजूत आहे. तीत अविश्वास नाही, मनुष्यस्वभावाची ओळख आहे. आदिपापाची शिकवण जो मानतो, त्याला कोणत्याही एका हाताला सर्व सत्ता देताना भीती वाटलीच पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या विश्वपत्रात शंभर वर्षांपूर्वीच्या पोप लिओ तेरावे यांची आठवण काढून तीन सत्तांच्या विभागणीला मान्यता दिली, आणि प्रत्येक सत्तेला आवर घालणाऱ्या दुसऱ्या सत्ता असाव्यात, असे म्हटले. ते पोलंडमध्ये वाढले होते. एका हाताची सत्ता कशी असते हे त्यांनी पुस्तकातून शिकले नव्हते.

तेव्हा आपल्या पट्ट्यात नवा प्रकल्प येईल, नवी अधिसूचना निघेल, तेव्हा आपण दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला: हा निर्णय ज्या पातळीवर होत आहे, तेथे आपल्या गावाचा आवाज पोहोचतो काय? दुसरा: ज्याला हे हवे आहे, तोच याचा पंच आहे काय? पहिल्याचे उत्तर वाईट असेल तर ग्रामसभा, पंचायत आणि आमदार-खासदार यांच्याकडे जावे. दुसऱ्याचे वाईट असेल तर न्यायालय, न्यायाधिकरण, लेखापरीक्षण आणि माहितीचा अधिकार यांच्याकडे. पहिल्या प्रश्नाचे दुखणे घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलो, की वर्षे जातात.

आणि तरीही दोन्ही कुंपणे लाकडाची नसून माणसांची असतात. इज्रेलच्या वडीलजनांकडे राजाचे पत्र आले, तेव्हा त्यांतील एकानेही 'आम्ही ही सभा बोलावणार नाही' असे म्हटले नाही. म्हटले असते तर कदाचित त्याचेही प्राण गेले असते; पण मळा इतक्या सहज गेला नसता. त्यांची नावे शास्त्राने नोंदली नाहीत. ते कोणीही असू शकतात: ग्रामसभेची गणसंख्या नसताना ठरावावर सही करणारा सदस्य, न पाहिलेल्या नमुन्याचा अहवाल लिहिणारा कर्मचारी, हिशेबाचा कागद न वाचता मान डोलावणारा धर्मग्राम समितीचा सभासद. आमच्यापैकी पुष्कळांना आयुष्यात कधी तरी असे एक पत्र येते. त्यावर मुद्रा राजाचीच असते. त्या दिवशी घटनेचे दोन्ही अनुच्छेद आपल्या हातातील लेखणीपाशी येऊन थांबतात.